शोषखड्ड्याआधी जमिनीची परीक्षा: गावच्या सांडपाण्याविषयी सविस्तर

घरोघरी नळ आला की त्याच्यामागून गटाराचा प्रश्न येतोच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा आहे. त्यातून पिण्या-स्वयंपाकाला लागणारं आणि शौचालयात जाणारं वजा केलं, तरी मोरी, न्हाणी आणि धुण्याच्या दगडावरून माणशी साधारण ३५ लिटर सांडपाणी रोज बाहेर पडतं. पाच माणसांच्या घराचं १७५ लिटर, दोन हजार वस्तीच्या गावाचं ७० हजार लिटर. पूर्वी आडावरून घागरीने पाणी आणायचे तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या केळीला पुरायचं नाही. आता तेच पाणी रस्त्यावर येतं, ओढ्यात उतरतं आणि ओढ्याकाठच्या विहिरीत जातं.

उपाय म्हणून अंदाजपत्रकात बहुधा एकच गोष्ट येते: ४ बाय ४ बाय ४ फुटांचा शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात या खड्ड्यांनी मोठं काम केलं आणि नांदेड पॅटर्न म्हणून ते राज्यभर पोचले. खड्डा चांगलाच आहे. पण सातारा-सांगलीत एका जिल्ह्यातच जमीन चार तऱ्हांची आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, तर माण, आटपाडी, जतकडे ५०० मिमीच्या आसपास. कृष्णाकाठी कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज भागात खोल काळी जमीन आणि बारमाही ऊस. खटाव-माणच्या माळावर वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. एकच नकाशा या सगळ्या गावांना लावला तर निम्मे खड्डे दुसऱ्या पावसाळ्यात तुंबणार, आणि ते तुंबतातच. म्हणून खड्ड्याचं माप ठरवण्याआधी जमिनीची परीक्षा घ्यायची. तिला एक रात्र, एक घड्याळ आणि एक मोजपट्टी एवढंच लागतं.

जमीन किती पाणी पिते

शोषखड्डा जिथे होणार तिथेच, त्याच्या नियोजित खोलीपर्यंत, साधारण ३० सेंटीमीटर रुंदीचा उभा खड्डा घ्या. पहारीने किंवा कुदळीने खणताना बाजू गुळगुळीत होतात आणि मातीची छिद्रं लिंपली जातात, म्हणून त्या खिळ्याने खरवडून घ्यायच्या. तळातली मोकळी माती काढून ५ सेंटीमीटर जाड वाळू टाकायची. वाळूच्या वर किमान ३० सेंटीमीटर पाणी भरून ते रात्रभर मुरू द्यायचं. ही पायरी कुणीही गाळू नये. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्या भेगा मिटतात; मे महिन्यात भेगाळलेल्या रानात कोरड्या खड्ड्यात पाणी ओतलं तर ते पाहता पाहता गायब होतं आणि जमीन फार पिणारी आहे असा समज होतो. तीच जमीन श्रावणात थेंबही घेत नाही.

सकाळी पाणी शिल्लक असेल तर पातळी वाळूच्या वर १५ सेंटीमीटरवर आणायची, खड्ड्यावर आडवी फळी ठेवून तिच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि ३० मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पाणी रात्रीतच संपलं असेल तर १५ सेंटीमीटर भरून दर अर्ध्या तासाने चार तास मोजायचं, दर वेळी पातळी परत वर आणायची, आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून २५ मिमी पाणी उतरायला किती मिनिटं लागली ते काढायचं. समजा अर्ध्या तासात ७५ मिमी उतरलं, तर २५ मिमीला १० मिनिटं.

भारतीय मानक २४७० मध्ये यावरचा हिशोब सोपा दिला आहे: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर म्हणजे एक चौरस मीटर भिंत रोज किती लिटर पाणी घेईल तो आकडा. १० मिनिटांना ६५ लिटर, ३० मिनिटांना ३७, ६० मिनिटांना २६. आता १७५ लिटर सांडपाण्याला पहिल्या जमिनीत २.७ चौरस मीटर भिंत लागते. ४ फुटी खड्ड्यात पाइपाच्या खाली ९० सेंटीमीटर खोली धरली तर चार भिंती मिळून ४.४ चौरस मीटर होतात. तळ हिशोबात धरायचा नाही, कारण तो गाळाने सगळ्यात आधी बंद होतो. म्हणजे १० मिनिटांच्या मुरमाड जमिनीत हा खड्डा आरामात चालतो. ३० मिनिटांच्या जमिनीत ४.७ लागतात, इथे तो काठावर नापास होतो. ३० मिनिटांच्या पुढे शोषखड्डा करूच नये, उथळ चर घ्यावा. ६० च्या पुढे जमिनीत मुरवण्याचा नाद सोडावा.

एक गोष्ट परीक्षेत दिसत नाही, ती म्हणजे भूजलाची पातळी. खड्ड्याचा तळ आणि भर पावसाळ्यातली पाण्याची पातळी यांत दीड ते दोन मीटर अंतर हवं. शेजारच्या विहिरीची भाद्रपदातली पातळी बघितली की उत्तर मिळतं. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात हे अंतर मिळत नाही. तिथे शेतातलं जादा पाणी बाहेर काढायला लोक जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करताहेत. त्याच जमिनीत घराघरांचं पाणी आणखी मुरवणं मला पटत नाही. तिथे पाणी गावाबाहेर नेऊन तळ्यात किंवा पाणवनस्पतींच्या वाफ्यातच शुद्ध केलं पाहिजे.

माण, खटाव, जत, कवठेमहांकाळच्या खडकाळ गावांत अडचण उलटी आहे. मुरूम लागला तर उत्तम. पण दोन फुटांवर भेगाळ खडक लागला तर पाणी झटकन जातं आणि माणसं खूश होतात. पाणी शुद्ध होतं ते मातीतून सावकाश झिरपताना. खडकाच्या भेगेतून ते तसंच्या तसं बोअरमध्ये उतरतं. विहीर किंवा हातपंपापासून किमान १० मीटरचा जो नियम आहे, तो मातीच्या थरासाठी. भेगाळ खडकात त्या १० मीटरवर विसंबू नये. अशा घरांना परसात अर्धा-पाऊण मीटर खोल, दोन मीटर रुंद उथळ आळं करून, त्यात काटक्या-पाचट भरून, कडेने केळी लावणं जास्त सुरक्षित. पाणी मुळांच्या थरातच खर्ची पडतं.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरी गावांत उतार बघावा. वरच्या घराचा खड्डा खालच्या घराच्या मागच्या भिंतीतून पाझरतो आणि त्यावरून भावकीत वर्षानुवर्षं धुसफूस चालते. स्वतःच्या घराच्या पायापासून ३ मीटर अंतर ठेवलं की भागलं असं तिथे होत नाही. खालच्या अंगाला कोण राहतं तेही बघावं लागतं.

खड्डा बांधताना

नुसता दगडांनी भरलेला खड्डा मी सुचवत नाही. दगडांमध्ये पोकळी साधारण ४० टक्केच मिळते, आणि एकदा तुंबला की सगळा डबर बाहेर काढून धुतल्याशिवाय तो मोकळा होत नाही. हे काम कुणी करत नाही. शेजारी दुसरा खड्डा खणतात किंवा पाइप गटारात सोडतात. नांदेड पद्धतीत खड्ड्याच्या मधोमध अडीच फूट उंचीची सिमेंटची टाकी बसवतात, तिच्या वरच्या भागात चारी बाजूंना भोकं असतात आणि भोवती डबर भरलेला असतो. गाळ टाकीत बसतो, निवळ पाणी भोकांतून डबरात जातं. झाकण उघडून गाळ काढता येतो, म्हणून ही रचना टिकते. भोकं टाकीच्या तळाशी पाडली तर सगळा उपयोगच गेला, कारण गाळ थेट डबरात जातो. टाक्या उतरवून घेताना हे तपासा.

त्याहून चांगला म्हणजे जाळीदार वीटकामाचा पोकळ पाझरखड्डा. आतला व्यास १ मीटर, पाइपाच्या खाली ९० सेंटीमीटर खोली, वर फरशीचं झाकण. साठा ७०० लिटर, म्हणजे घरचं चार दिवसांचं पाणी. एक थर सलग, एक थर ५ सेंटीमीटर फट सोडून. पाइपाच्या वरचं बांधकाम सलग ठेवायचं, नाहीतर पावसाचं पाणी आणि माती आत येते. बाजूची जमीन वाळूची असेल तर फटी दीड सेंटीमीटरवर आणाव्यात.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे खड्ड्याआधीचा छोटा चेंबर, आणि तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. दीड फूट रुंद, दोन फूट लांब, दीड फूट खोल, आतून गिलावा केलेला. येणाऱ्या पाइपाला बारीक जाळी. जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने खाली वळवलेला एल्बो, त्याचं तोंड पाण्याच्या पातळीखाली वीतभर. तेल आणि साबणाचा साका वर तरंगतो, भाताची शितं, राख आणि वाळू खाली बसते, आणि मधलं पाणी एल्बोतून पुढे जातं. दर आठवड्याला साका आणि गाळ काढून उकिरड्यात टाकायचा. हा चेंबर साफ होतो त्या घरचा खड्डा वर्षानुवर्षं चालतो, आणि होत नाही त्या घरचा एक-दोन वर्षांत बंद पडतो.

खड्डा बंद पडतो म्हणजे भिंतीवर काळा बुळबुळीत थर जमतो. तेल, साबण आणि अन्नकणांवर वाढणाऱ्या जिवाणूंचा तो थर पाणी आत जाऊ देत नाही. त्यावर ॲसिड ओतू नका; ते थर खरवडत नाही, सिमेंट मात्र खातं. विश्रांती हा त्यावरचा उपाय आहे. दोन खड्डे आणि मध्ये एक चेंबर ठेवून पाणी आलटून पालटून सोडलं, तर रिकाम्या खड्ड्यातला थर दोन-तीन महिन्यांत वाळून सुटतो. अंगणात जागा असेल तर एका मोठ्या खड्ड्यापेक्षा दोन लहान घ्या.

गोठ्याचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये. आपल्याकडे दोन-चार संकरित गाई असलेली घरं गावागणिक आहेत, आणि गोठा धुतलेल्या पाण्यातलं शेण कोणताही शोषखड्डा महिन्याभरात बुजवतं. शेण आधी कोरडं उचलायचं, मूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी शेणखताच्या खड्ड्यात किंवा गोबरगॅसकडे वळवायचं. दूध संकलन केंद्राचं कॅन धुतलेलं पाणी आणि गुऱ्हाळाची मळीही तशीच. त्यांचा भार घरगुती पाण्याच्या कितीतरी पट असतो, त्यांना गावच्या गटारात जागा देऊ नये.

शौचालयाची टाकी आणि गटार

गावच्या गटारातलं पाणी काळं आणि उग्र वासाचं असेल तर ते नुसतं मोरीचं पाणी नव्हे. कुठेतरी सेप्टिक टाकीचा पाइप गटारात सोडलेला असतो. सेप्टिक टाकीत मैला फक्त बसतो आणि काही अंशी कुजतो. बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगजंतू तसेच असतात. मानकाप्रमाणे पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. लोक याच्या कितीतरी पट मोठी बांधतात, ती कधी उपसावी लागू नये म्हणून. मग बांधकामात सगळे पैसे संपतात आणि टाकीच्या पुढचा शोषखड्डा राहून जातो.

नवीन बांधायचं असेल आणि जमीन पीत असेल, तर दोन शोषखड्ड्यांचं शौचालयच बांधा. प्रत्येकी १ मीटर व्यास, दोघांत किमान १ मीटर अंतर, मध्ये वाय चेंबर, म्हणजे मैला दोनपैकी एकाच खड्ड्यात वळवणारा. एक भरला की तोंड बदलायचं आणि भरलेला किमान दोन वर्षं बंद ठेवायचा. तेवढ्या काळात त्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले तर दोन्ही एकदम भरतात, आणि ओला मैला उपसण्याशिवाय मार्ग उरत नाही. गवंड्याला चेंबरमधली एक वाट विटेने बंद करायला सांगा आणि काम संपताना स्वतः वाकून बघा.

सेप्टिक टाकी आहे त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी गाळ मोजावा. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ ठेवून सावकाश वर काढायची. काळ्या डागाची उंची म्हणजे गाळ. खोलीच्या एक तृतीयांशाच्या वर गेला की उपसायचा, तोही पंप बसवलेल्या टँकरने. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा आहे, आणि टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की त्याचा वाससुद्धा येईनासा होतो. माणूस पायरीवरच कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. कुणाही मजुराला या कामासाठी पैसे देऊ करू नका.

गावाच्या टोकाला

घरात मुरत नाही ते पाणी गटाराने गावाबाहेर येतं. तिथे पोचेपर्यंत ते वाहतं राहिलं पाहिजे. ४ इंची पाइपाला ६० फुटांत १ फूट आणि ६ इंचीला १०० फुटांत १ फूट उतार धरावा, दर २०-३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर. उघडं गटार वाईट दिसतं खरं, पण निदान साफ होतं. वर सलग काँक्रीट ओतून बंद केलेलं गटार मात्र तुंबलं की फोडावं लागतं. उचलता येतील अशा फरश्याच टाकाव्यात. छपराचं पाणी गटारात घेऊ नये. पाटण-शिराळ्याच्या पावसात तर गटाराच्या टोकाला जादा पाणी ओढ्याकडे वळवणारा सांडवा हवाच, नाहीतर एका रात्रीच्या पावसात खालची सगळी रचना गाळाने भरते.

आकार ठरवायच्या आधी प्रवाह मोजा. नळाला पाणी सकाळी तास-दोन तास येतं, त्यामुळे सांडपाणीही सकाळीच लोटतं. दोन हजार वस्तीचा सरासरी प्रवाह सेकंदाला ०.८ लिटर निघतो, पण सकाळी तो तिप्पट होतो. गटाराच्या टोकाला पाइप लावून २० लिटरची बादली धरा. सात-आठ सेकंदांत भरली तर हिशोब जुळला. खूप लवकर भरत असेल तर गावात तोट्या नसलेले नळ शोधा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. जिथे पाणी मोजलं जातं तिथे गटारातही कमी येतं, आणि शुद्धीकरणाच्या प्रत्येक चौरस मीटरची बचत तिथून सुरू होते.

लहान वाडीसाठी पाणवनस्पतींचा खडीचा वाफा मला सगळ्यात जास्त आवडतो. वीज नाही, वर पाणी दिसत नाही, त्यामुळे डास नाहीत. ३०० माणसांची वाडी धरू: रोज १०.५ घनमीटर पाणी. आधी २०-२५ मिमी फटींची गजांची तिरकी जाळी, मग एक दिवसाचं पाणी मावेल अशी दोन कप्प्यांची निवळण टाकी: ४ मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, दीड मीटर पाण्याची खोली. त्यानंतर १२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब वाफा. लोक उलट करतात, लांबच लांब अरुंद चर खणतात. पाणी आत शिरतं ती बाजू सगळ्यात आधी बुजते. ती जितकी रुंद, तितका भार पसरतो आणि वाफा जास्त वर्षं टिकतो.

खडीची खोली ६० सेंटीमीटर, तळाला शंभरात एकचा उतार. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा मीटर ४० ते ८० मिमीचा गोटा, मधे १० ते २० मिमी खडी. एकूण साधारण ३८ ब्रास. खडी धुऊनच टाकायची. क्रशरवरून आलेल्या खडीची भुकटी वाफ्यात जाऊन बसते आणि पाणी वर येऊन वाहायला लागतं. नवे वाफे पहिल्याच वर्षी बिघडतात ते बहुधा यामुळे. शेवटच्या चेंबरमध्ये फिरणारा एल्बो ठेवून पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली ५ ते १० सेंटीमीटरवर राखायची. लागवड चौरस मीटरला चार रोपं, म्हणजे या वाफ्याला ७२० कंद. कर्दळ आपल्याकडे उत्तम येते, पाणकणीसही चालतं. पहिले काही आठवडे पातळी थोडी वर ठेवायची, मुळं धरली की खाली न्यायची. वाळलेली पानं काढत राहायची, ती कुजली की तिथेच गाळ होतो. वाफ्यावर डबकं दिसलं तर आधी निवळण टाकी तपासा, दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच असतो.

मोठ्या गावाला आणि जिथे गायरान आहे तिथे स्थिरीकरण तळी स्वस्त पडतात. दोन हजार वस्तीचं ७० घनमीटर पाणी, लिटरला २०० मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप) धरली तर रोजचा भार १४ किलो. हेक्टरी रोज २५० किलो या दराने पहिल्या तळ्याला ५६० चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग लागतो. खोली दीड मीटर, पाणी बारा दिवस राहतं. दुसरं १ मीटर खोलीचं, पाच दिवसांचं, ३५० चौरस मीटर. बांध, निवळण टाकी आणि रस्ता धरून १५ गुंठे जागा लागते. जागा २०१९ च्या कृष्णेच्या पुराच्या खुणेच्या वरच घ्यावी.

या तळ्यात काम करतं ते हिरवं शेवाळ. ते उन्हात प्राणवायू सोडतं, जिवाणू त्यावर घाण संपवतात. म्हणून पाण्यावर ऊन पडलं पाहिजे. जलपर्णी एकदा शिरली की पृष्ठभाग झाकते, शेवाळ मरतं आणि तिच्या पानांआड डास वाढतात. एक रोप दिसलं तरी मुळासकट काढायचं. पाणी आत आणि बाहेर समोरासमोर ठेवू नका, तिरप्या कोपऱ्यांत ठेवा, नाहीतर ते बारा दिवसांऐवजी दोन दिवसांत पार होतं. मुरमाड जागेत तळ अस्तरावा लागतो. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद चालतो. काळ्या मातीचं दाबलेलं अस्तरही चालतं, मात्र ते कधी वाळू द्यायचं नाही. सांडपाणी सोडण्याआधी ओढ्याचं पाणी भरून दोन-तीन आठवडे थांबा, शेवाळ धरू द्या. भोवती कुंपण हवंच, मुलं आणि गुरं दोन्हींसाठी.

तळ्याची तब्येत रंगावरून कळते. गर्द हिरवं म्हणजे ठीक. करडं-काळं आणि वास म्हणजे भार जास्त. गुलाबीसर झालं तर प्राणवायू संपून गंधकाचे जिवाणू वाढले आहेत. दुधाळ दिसलं तर कुणीतरी कॅन धुतलेलं पाणी सोडतंय. दुसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडावेत, आरोग्य केंद्रातून मिळतात. गटारातले डास क्युलेक्स जातीचे. डेंग्यूचा एडिस घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, तेव्हा तळं झालं म्हणून पिंपं कोरडी करणं थांबवू नये.

पैशाचं थोडक्यात. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्यावरच्या गावाला ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली, त्यातला ३० टक्के भाग पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून. दोन हजार वस्तीला ५ लाख ६० हजार. देखभालीचा माणूस यातून मिळत नाही, त्याचा पगार ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतच बसवावा लागतो. तो माणूस ठरल्याशिवाय काम सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर आलेलं पाणी ऊस, नेपियर, केळीला द्यावं. कच्च्या खायच्या भाजीला, कोथिंबीर-मेथीला देऊ नये. धुण्याच्या पावडरीतला सोडियम काळ्या जमिनीत साठतो आणि जमीन चोपण होते, म्हणून एकाच तुकड्याला सतत न देता पाळीपाळीने, शक्यतो विहिरीच्या पाण्यात मिसळून द्यावं, आणि वर्षातून एकदा माती तपासून गरजेप्रमाणे जिप्सम टाकावं. ठिबकला जोडणार असाल तर वाळूची गाळणी लागते, शेवाळ ड्रिपर बुजवतं.

निवळण टाकीचा गाळ वर्षातून दोनदा काढायचा, त्यातली एक खेप मे संपायच्या आत. गाळ वाळवण्यासाठी केलेल्या वाळू-खडीच्या वेगळ्या वाफ्यावर २०-३० सेंटीमीटर जाडीचा थर पसरला की उन्हाळ्यात पंधरवड्यात वाळतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. त्याच सुमारास पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. ओढ्यात सोडायचं तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, शेतीला द्यायचं तर १०० च्या आत हवी. नमुना शेवटच्या चेंबरमधून, सकाळचा लोट संपता संपता घ्या, बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.